लवूचे तेल

काळाचौकीच्या भिकोबा चाळीच्या पटांगणात त्या सकाळी आरती चालू होती, आणि ती आरती एका लॉरीची होती. बॉनेट उघडे, त्याच्यावर झेंडूच्या माळा, पुढच्या दोन्ही दिव्यांना हळदकुंकू, आणि इंजिनापुढे पाटावर निरांजन. शंभरावर माणसे हात जोडून उभी होती. बायकांच्या हातात रिकाम्या बाटल्या होत्या, काहींच्या औषधाच्या, एकीची तर गुलाबपाण्याची. कुणाचे गुडघे धरले होते, कुणाच्या पोराला आकडी येत होती. सगळ्यांना इंजिनातले तेल हवे होते.

मनमोहनबुवाने कपाळाला त्याच तेलाचा काळा टिळा लावला होता. त्याने इंजिनातून तेल बघायची कांडी सर्रकन उपसली आणि उंच धरली.

"तैलम् ऊर्ध्वम् गच्छति! पुत्रो रक्षति!"

हे संस्कृत कुठल्या पोथीतले, ते विचारायची सोय नव्हती. बुवा मागे परळच्या एका नाटक मंडळीत पडदा ओढायचा; चार टाळ्यांची वाक्ये तिथेच कानावर पडली असतील.

"अरे, साऱ्या जगाचं इंजिन तेल खातं!" बुवा ओरडला. "साहेबाच्या मोटारीचं खातं, गिरणीच्या सांच्याचं खातं! आणि ह्या लॉरीचं? वाढतं! खुणेच्या दोन बोटं वर! कोण भरतो तेल?"

"लवू!" पटांगण एकदम म्हणाले.

"कोण रक्षण करतो?"

"लवू!"

नळाजवळ, गर्दीच्या मागे, जयवंत मिस्त्री उभा होता. त्याने हात जोडले नव्हते. रे रोडच्या पुलाखाली त्याचे लॉऱ्या दुरुस्त करायचे छोटे गॅरेज होते. त्या पोराचे नाव दोनदा असे गर्जताना ऐकून तो आणखी मागे सरकला. लवूला पान्हा कसा धरायचा ते त्यानेच शिकवले होते.

लवू हा लॉरीचा मालक गणपत सावंत आणि मालन यांचा एकुलता एक मुलगा. गणपतने वीस वर्षे गिरणीत काढून, साठवलेले सगळे घालून ही युद्धातली जुनी लॉरी घेतली होती, डिझेल इंजिन बसवलेली. बाप गाडी हाकायचा, पोरगा गाडी सांभाळायचा. रोज सकाळी लवू कांडी काढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा घालून बघायचा आणि जेवढे कमी तेवढे तेल ओतायचा. मग बापाला हाक मारायचा, "बाबा, भरलंय!" त्या हाकेशिवाय गणपतने कधी लॉरी सुरू केली नाही.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि शहर पेटले. बुधवारी लालबागच्या नाक्यावर गोळीबार झाला. लवू त्यात गेला. तो मोर्चात होता म्हणणारे होते, नुसता रस्ता ओलांडत होता म्हणणारेही होते. गोळीने ती चौकशी केली नव्हती. एकोणीस वर्षांचा होता.

तेरा दिवस लॉरी उभी राहिली. चौदाव्या दिवशी गणपतने ती बाहेर काढली, कारण पोट थांबत नाही. आठवडाभराने त्याने सवयीने कांडी उपसली आणि तो तिथेच खाली बसला. तेल खुणेच्या वर होते. कुणी भरले नव्हते. दुसऱ्या दिवशी आणखी वर. त्या दिवशी गणपत घरी आला, मालनच्या समोर बसला आणि म्हणाला, "झील येवन गेलो, आपलो लवू." आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याने दुसरी भाकरी मागून घेतली. मालनने ती वाढली आणि तोंड फिरवून चुलीकडे बघत बसली.

असल्या दुःखाचा वास काही माणसांना दोन मैलांवरून येतो. नायगावहून मनमोहनबुवा आला तो पाट, निरांजन आणि नियम घेऊनच आला. इंजिनाला परक्याचा हात लागता कामा नये. तेल बदलायचे नाही. वर आलेले तेवढे प्रसाद म्हणून काढायचे. ऑइलचा दाब दाखवणारा काटा खाली खाली येऊ लागला, तेव्हा गणपत घाबरून बुवाकडे गेला. बुवाने काट्याच्या काचेवर लवूचा फोटो चिकटवला. "काट्याकडे बघू नकोस, पोराकडे बघ!" म्हणाला.

हरताळाच्या दिवशी लॉरी उभी होती आणि तेल वाढले नाही, तेव्हा बुवाने गर्दीला सांगितले, "आज बंद आहे. हुतात्म्यानेही हरताळ पाळला!" लोकांनी जयजयकार केला. इंजिन फिरले तरच येणारा आणि इंजिन थांबले की न येणारा हा कसला आत्मा, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही. चाळीतली माणसे मूर्ख नव्हती. त्यांच्यातला एक गेला होता आणि तो परत आला असे कुणीतरी सांगत होते, म्हणून ती ऐकत होती.

जयवंत दोन महिने ह्या पटांगणाकडे फिरकला नव्हता. ती लॉरी बघवत नव्हती त्याला. आज तो आला तो एका बातमीने. शिमग्याला गावी जायचे, बोटीची तिकिटे मिळत नव्हती, म्हणून चाळीतली पस्तीस माणसे, बायकापोरांसह, गुरुवारी गणपतच्या लॉरीतून निघणार होती. पोलादपूरच्या पुढे कशेडीचा घाट चढून उतरायचा होता. मालवणपर्यंत.

आरती आटोपली तसा तो गणपतजवळ गेला.

"गणपत, घाटात जायच्या आधी मला एकदा इंजिन बघू दे."

"बघूचा काय हा त्येच्यात?" गणपत हसला. जयवंतला ते हसू सहन झाले नाही, इतके ते निर्मळ होते. "तो बघता सगळा. रोज बघता."

"काटा खाली येतोय असं ऐकलं."

"मिस्त्री, तुम्ही त्येका शिकवल्यात, म्हणून तुमका मी काय बोलत नाय. पण हात लावूचा नाय. तुमी हात लावलास आणि तो येवचो थांबलो तर? तर मी काय करू, सांगा."

जयवंतने बॉनेटकडे नेलेला हात मागे घेतला. तो रांगेत उभा राहिला आणि इतरांसारखी प्रसादाची एक बाटली घेऊन गॅरेजात आला.

बाटली उघडताच ओळखीचा वास आला. त्याने दोन बोटांत थेंब चोळला. तेल पाण्यासारखे पातळ होते. तरी नुसता संशय पुरेसा नसतो, म्हणून त्याने टेबलाचा खण ओढला आणि बिलबुकातला टीपकागद काढला. एका टोकाला प्रसादाचा थेंब सोडला, दुसऱ्या टोकाला गॅरेजातल्या दुसऱ्या लॉरीचे वापरलेले तेल. चहा पिऊन होईपर्यंत थांबला. दुसऱ्या लॉरीचा थेंब काळ्या गोळ्यासारखा एका जागी बसला होता. प्रसादाच्या थेंबाचा काळा ठिपका मधे राहिला होता आणि त्याच्याभोवती एक फिकट, रुंद कडे पसरत पसरत कागदाच्या काठाला चालले होते. ते कडे डिझेलचे होते. इंजिनात तेल वाढत नव्हते. टाकीतले डिझेल कुठून तरी इंजिनाच्या तळाशी तेलाच्या चेंबरमध्ये उतरत होते आणि तेलात मिसळत होते. पातळ तेल बेअरिंगला धरत नाही. मुंबईच्या सपाट रस्त्यावर, हलक्या फेऱ्यांत ते निभावले. पस्तीस माणसे घेऊन घाट चढताना इंजिन तापेल, जाम होईल आणि गाडी वळणावर मागे घसरेल.

कुठून उतरते, एवढेच शोधायचे होते. इंजिनात डिझेल फवारणारे नॉझल गळत असते तर इंजिनाने काळा धूर ओकला असता, ठोके चुकवले असते. पण ते तर साफ चालत होते. मग राहिला टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप, इंजिनाच्या कुशीला बसवलेला. त्याच्या आत एक पडदी असते, वरखाली हलणारी. ती फाटली की डिझेल सरळ खाली चेंबरमध्ये.

पडदी. जयवंतचा हात खणातच थांबला. बिलबुकाच्या खाली मेणकागदाची एक चपटी पुडी होती. तिला दोन महिने कुणी हात लावला नव्हता.

जानेवारीतल्या त्या शनिवारी लवू गॅरेजात आला होता, हातात फाटलेली पडदी. "काका, नवी आहे का? बाबांना उद्या लाकडाची खेप आहे." पडदी नव्हती. आणि जयवंत म्हणाला होता, आपल्या तोंडाने म्हणाला होता: "टायरच्या ट्यूबचा तुकडा काप आणि बसव. दोनचार दिवस निघतील. रबर डिझेलमध्ये फुगतं, फार टिकत नाही. बुधवारी ये, असली आणून ठेवतो." त्याने सोमवारीच बाजारातून असली आणली होती. बुधवारी लवू आला नाही.

म्हणजे त्या बुधवारी तो नाक्यावर कशाला आला असेल? जयवंतने टीपकागदावर पालथा हात ठेवला. चाळीकडून गॅरेजकडे यायचे तर तो नाका ओलांडावा लागत नाही, हे त्याला ठाऊक होते. तरीही हा प्रश्न त्याला पुढे आयुष्यभर सोडणार नव्हता.

गुरुवारी सकाळी लॉरी भरली. ट्रंका, पोती, ढोल, म्हाताऱ्या माणसांना टेकायला गाद्या. बुवाने निघण्याच्या पूजेत आपला नेहमीचा चमत्कार मांडला. दोन पणत्या. एकीत बाजारचे नवे इंजिन ऑइल, दुसरीत लवूचे तेल. पहिलीची वात धुमसली, काळी पडली आणि विझली. दुसरीची टवटवीत उभी राहिली.

"आत्म्याची ज्योत!" बुवाने हात पसरले. "बाजारच्या तेलात प्राण नाही, ह्यात आहे!"

"तिसरी पणती ठेवू का, बुवा?" जयवंत पुढे आला. त्याच्या हातात टीपकागद, एक पणती आणि हत्यारांची पिशवी होती.

त्याने विझलेल्या पणतीतलेच बाजारचे तेल तिसऱ्या पणतीत ओतले. मग लॉरीच्या टाकीत दोरीने बाटली सोडून सगळ्यांदेखत थोडे डिझेल काढले, तेलात मिसळले आणि वात लावली. ज्योत उभी राहिली, लवूच्या पणतीइतकीच.

"नवं तेल जाड असतं, वातीतून वर चढत नाही," जयवंत म्हणाला. "डिझेल घातलं की चढतं. ह्यात प्राण मी घातला नाही, बुवा, चमचाभर डिझेल घातलं."

"यंत्राचं मला काय सांगतोस!" बुवा गरजला. "मला आत्मा कळतो!"

"मग आत्म्याला विचारा, हरताळाच्या दिवशी तो का येत नाही. मी सांगतो. डिझेलचा पंप इंजिनाबरोबर चालतो. इंजिन बंद, पंप बंद, गळती बंद." त्याने टीपकागद वर धरला आणि ते फिकट कडे सगळ्यांना दाखवले. "तेल वाढत नाहीये. पातळ होतंय. हे तेल घेऊन घाट चढलात तर ह्या गाडीतलं एकही पोर गावच्या होळीला पोचायचं नाही."

लॉरीतल्या बायकांनी मुलांना जवळ ओढले. कुणीतरी म्हणाले, "मिस्त्री दारू पिऊन आलाय." कुणी म्हणाले, "बोलू द्या रे त्याला." गणपत मात्र जयवंतकडे बघत होता आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"दिवो पेटूंदे नायतर विझूंदे," तो म्हणाला. "माझो झील येता. तुमी त्येका माझ्याकडसून घेव नका, मिस्त्री. पाया पडतंय."

तो खरेच वाकला. जयवंत मागे सरला. त्याच्या हातातली पिशवी गळून पडली आणि पान्हे फरशीवर विखुरले. सत्य बोलणे चांगले, हे आपण पोरांना शाळेत शिकवतो. ते बोलताना समोर असा माणूस वाकतो, हे कुणी शिकवत नाही. जयवंत तेव्हाच परत फिरला असता.

पान्हा उचलला तो मालनने. ती लॉरीतून उतरून कधी आली ते कुणाला कळले नव्हते.

"भावजी, उघडा," ती म्हणाली.

"मालन!" गणपत ओरडला.

"ओरडू नका माझ्यार." ती त्याच्याकडे वळली. "चार वर्सां लवूचे कपडे मी धुतले. पयल्याच दिवसाक त्या प्रसादाचो वास माका कळलो. डिझेलाचो वास तो. मी गप रवलंय, कित्याक ठावक हा? तुमी दुसरी भाकरी घेतल्यात म्हणान." ती केबिनमध्ये चढली, काट्याच्या काचेवरचा फोटो तिने नखाने हळूच सोडवला आणि पदराने पुसून छातीशी धरला. "पण लॉरीत लोकांची पोरां हत. माझा गेला तसा आनी कोणाचा जावूचा नाय."

जयवंतने पंप सोडवला. चार बोल्ट, एक झाकण. आतली पडदी त्याने दोन बोटांनी बाहेर काढली. तांबड्या ट्यूबचा गोल तुकडा होता, डिझेलने फुगून लिबलिबीत झालेला, मधोमध फाटलेला. कडेला कात्री अडखळत चाललेली दिसत होती. बोल्टांची भोके मात्र एकसारखी, नेमकी, प्रत्येक एका घावात पाडलेली. तशी भोके जयवंतने लवूकडून शंभरदा पाडून घेतली होती.

जयवंतने गणपतच्या हातावर तो तुकडा ठेवला.

"हे लवूने बसवलं," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून बसवलं. चूक त्याची नाही. दोनचार दिवसांचं काम होतं. बुधवारी बदलायचं होतं." त्याने खिशातून मेणकागदाची पुडी काढली. "ही त्याच्यासाठी आणून ठेवली होती. मी विसरलो, गणपत. तो गेल्यावर मला कशाचंच भान राहिलं नाही. तुझ्या दारी यायला हवं होतं, आलो नाही. आलो असतो तर पहिल्या दिवशी कळलं असतं."

गणपतने तो रबराचा तुकडा उलटसुलट करून पाहिला. अंगठ्याने एकेक भोक चाचपले. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो चाळीने जानेवारीत ऐकला नव्हता. जानेवारीत तो रडलाच नव्हता. तेव्हा त्याला रडू फुटले नाही आणि पुढे बुवाने फुटू दिले नाही. मालन त्याच्या शेजारी फरशीवर बसली आणि दोघे मिळून रडली, शंभर माणसांच्या देखत.

बुवा तोंड काळे करून पळाला असे लिहायला मला आवडले असते. तो पळाला नाही. त्याने निरांजन विझवले, पाट काखेत मारला आणि "श्रद्धा नसलेल्या ठिकाणी शक्ती टिकत नाही" म्हणत सावकाश निघून गेला. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या कुठल्या चाळीत दुसऱ्या कुणाच्या दुःखावर बसला असेल. बाटल्या तेवढ्या नळापाशी पडून राहिल्या. आकडीच्या पोराच्या आईला जयवंतने स्वतः बरोबर नेऊन परळच्या इस्पितळात नंबर लावून दिला.

लॉरी शनिवारी रात्री निघाली. नवी पडदी, नवे तेल, आणि काट्याची काच स्वच्छ. इंजिनाने दोन महिने पातळ तेलावर काढले होते, म्हणून जयवंतने दोन्ही दिवस बेअरिंगे तपासण्यात घालवले आणि शेवटी तो स्वतःच गणपतशेजारी बसून निघाला.

पोलादपूरला सकाळी घाटाच्या आधी गाडी थांबली. पोरे चहाच्या टपरीकडे धावली. गणपतने बॉनेट उघडले, कांडी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. ती त्याने उजेडात धरली. जयवंत जवळ गेला. तेल खुणेच्या जरा खाली होते, नखभर. धडधाकट इंजिन खाते तेवढे.

ह्या गोष्टीचे सार सांगायचे तर फार नाही. जिथे काही आपोआप वाढते, तिथे दुसरीकडे काहीतरी गळत असते. आधी ते शोधा. यंत्राला मिस्त्री, आजाराला डॉक्टर दाखवा. आणि ज्याचे माणूस गेले आहे त्याला चमत्कार देऊ नका, त्याच्याजवळ जाऊन बसा. आपण बसलो नाही की ती जागा बुवा घेतो. जयवंतने दोन महिने ती रिकामी ठेवली होती.

"कमी हा," गणपत म्हणाला.

"हो."

"लवू असतो तर तेनां घातल्यान असतां."

जानेवारीपासून पोराविषयी तो पहिल्यांदाच असे बोलला. जयवंतने तेलाचा डबा पुढे केला. गणपतने तेल ओतले, एक थेंब सांडू दिला नाही. कांडी घालून पाहिली. मग बॉनेट लावून तो गाडीत चढला, स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवला, आणि किल्लीला हात न लावता समोर बघत तसाच थांबला. मागे माणसे चढून बसली. ढोल एकदा वाजून गप्प झाला.

तो कशाची वाट बघतो आहे हे मालनला कळले. ती मागून पुढे वाकली आणि केबिनच्या मागच्या खिडकीतून, जेमतेम ऐकू येईल असे, म्हणाली:

"भरलंय."

गणपतने लॉरी सुरू केली.